बागेतल्या मातीतून प्रतिजैविक शोधताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी काटोलकडच्या एका बागेत माती घ्यायला गेले, तेव्हा बागवाले काका म्हणाले, "मातीत औषध कुठं सापडते जी?" मी सांगितलं, क्षयरोगावरचं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेत शेणखत घातलेल्या शेतातल्या जिवाणूपासूनच मिळालं. बुरशीवरचं हॅमायसिन तर आपल्या पिंपरीच्या मातीतलं. काका क्षणभर थांबले. "लिंबावर खैऱ्या रोग आला का आमी स्ट्रेप्टोसायक्लिन मारतो, ते हेच का?" हो, त्यात तेच असतं. जिथे औषध पडत राहतं तिथे त्याला दाद न देणारे जिवाणू वाढू शकतात, म्हणून मी फवारणी न झालेला धुरा, म्हणजे बांध, निवडला. वरचा थर बाजूला करून वीतभर खालची काळी माती घेतली.

लॅबमध्ये माती सावलीत वाळवली, थोडी गरम केली. भराभर वाढणारे बरेच जिवाणू उष्णतेनं मरतात, मला हव्या असलेल्या स्ट्रेप्टोमायसिसचे (अ‍ॅक्टिनोमायसीट्स गटातले, प्रतिजैविकं बनवणारे मातीतले जिवाणू) कोरडे बीजाणू टिकतात. मग पाण्यात पातळ करत करत स्टार्च केसीन अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या खाद्यावर, पसरवलं. त्यात बुरशी रोखायला निस्टॅटिन घातलं होतं. प्लेटा २८ अंशांवर ठेवल्या.

इथे धीर लागतो. दोन-तीन दिवसांत दिसतात त्या इतर जिवाणूंच्या चिकट, चकचकीत वसाहती, म्हणजे एकेका जिवाणूपासून वाढलेले पुंजके. त्या आपल्या कामाच्या नाहीत. आठवड्याभरानं खडूची भुकटी सांडल्यासारखे स्ट्रेप्टोमायसिसचे पांढरे-राखाडी ठिपके वर येतात. सुई लावली तर सहज निघत नाहीत, अगारात रुतून बसलेले असतात. त्यातल्या एका वसाहतीखाली अगार गर्द तपकिरी झाला होता. मला त्या प्लेटा बघत बसायला फार आवडायचं.

मग अशा वसाहतीतला जिवाणू दुसरे जंतू मारतो का, हे क्रॉस-स्ट्रीक चाचणीत बघायचं: मधोमध तो वाढवायचा आणि काही दिवसांनी आडव्या रेघांत स्टॅफिलोकोकस ऑरियस, ई. कोलाय वगैरे जंतू लावायचे. दुसऱ्या दिवशी स्टॅफिलोकोकसची रेघ मधल्या पट्ट्यापासून बोटभर अलीकडेच थांबलेली दिसली, आणि मी अख्खी लॅब गोळा केली.

पण जंतू मारणारा जिवाणू सापडणं हे या कामातलं सोपं पाऊल आहे. तो जे बनवतो ते जगाला आधीच माहीत आहे का, हे ठरवणं अवघड. मातीतल्या दर दहा अ‍ॅक्टिनोमायसीट्समागे साधारण एक स्ट्रेप्टोथ्रिसिन बनवतो, आणि ते औषध मूत्रपिंडाला घातक म्हणून कधीच मागे पडलं. टीएलसी पट्टीवर (हिच्यावर अर्कातले घटक वेगवेगळे होतात) अर्क चालवून वर स्टॅफिलोकोकसचा थर ओतला, तेव्हा माझ्या बहुतेक वसाहतींचे स्वच्छ डाग, म्हणजे जंतू न वाढलेल्या जागा, ओळखीच्या औषधांशेजारीच उमटले. फार वाईट वाटलं, पण ही चाळणी टाळून पुढे जाण्यात अर्थ नाही.

तपकिरी अगारवाल्या वसाहतीचा डाग मात्र कशाशीच जुळला नाही. पुन्हा पुन्हा वाढवत राहिलं की हे जिवाणू कधीकधी औषध बनवणंच सोडतात, म्हणून तिचा ग्लिसरॉल स्टॉक, म्हणजे ग्लिसरॉलमध्ये जपलेला नमुना, लगेच उणे ८० अंशांवर ठेवला. अर्क आता मास स्पेक्ट्रोमेट्रीला, म्हणजे रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखायच्या तपासणीला, पाठवलाय.