पिशवीतले कागद

ऑक्टोबरमधला शनिवार, संध्याकाळची ओपीडी. दहा वर्षांचा मुलगा आईबरोबर आत आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच त्यानं तळव्यानं नाक खालून वर घासलं. "मॅडम, सर्दी जातच नाही याची. रोज सकाळी वीस-वीस शिंका," आई म्हणाली. मी टॉर्च घेतली, पण नजर नाकाच्या शेंड्याच्या जरा वर थांबली. तिथं एक बारीक आडवी सुरकुती होती. वर्षानुवर्षं नाक असं चोळलं की पडते, तशी. डोळ्यांखाली काळसर. ही आठ दिवसांची सर्दी नव्हती.

"जुने कागद आहेत?" विचारल्यावर आईनं कॅरीबॅगच टेबलावर रिकामी केली. कुबट वास आला. २०१९ च्या पुरात, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा, त्यांचं घर पाण्यात होतं. कागदांवर मातकट रेघ अजून दिसत होती. वाचता आले तेवढे मी तारखेनं लावले.

पाचव्या महिन्यात गालांवर आणि पायांवर इसब. अकराव्या महिन्यात अंड्याचा घास दिल्यावर अंगभर गांधी. तिसऱ्या वर्षी छातीत घरघर, नेब्युलायझर, मग तेच पुन्हा पुन्हा. पूर ओसरल्यावर घराच्या भिंतींना बुरशी आली, त्या हिवाळ्यात दोनदा ॲडमिट. आणि आता नाक. चार ठिकाणचे कागद, आजाराची चार वेगळी नावं. त्यातला पहिला, २०१५ चा, माझ्याच अक्षरातला: 'खाज कमी. पुन्हा दाखवायची गरज नाही.'

ते वाक्य मी दोनदा वाचलं. इसबाला मलम दिलं ते बरोबरच होतं. पण इसब ही ॲलर्जीची सुरुवातही असू शकते, हे त्या आईला मी सांगायला हवं होतं.

ॲलर्जी हा शब्द १९०६ मध्ये दिला तो व्हिएन्नातल्या एका बालरोगतज्ज्ञानं, क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी. त्यांच्या लक्षात आलं होतं की तीच लस-औषधं दुसऱ्यांदा टोचली की शरीर निराळं वागतं. पहिल्या भेटीत शरीर फक्त ओळख करून घेतं, 'आयजीई' नावाची प्रतिपिंडं तयार ठेवतं, आणि भांडण पुढच्या भेटीत होतं. बाळाची कातडी इसबानं फुटलेली असली की धुळीतले किडे, अंडं, शेंगदाणा यांचे कण तिथूनच आत शिरतात आणि ही ओळख चुकीच्या वाटेनं होते. मग आधी कातडी, पुढं अन्न, मग छाती, मग नाक. सगळ्यांचं असंच होतं असं नाही. बऱ्याच बाळांचं इसब शाळेत जाईपर्यंत ओसरतं. पण ज्यांचं जोरदार असतं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना पुढं दमा गाठतो. जगात शंभरातल्या तीस ते चाळीस जणांना कुठली ना कुठली ॲलर्जी आहे, असा जागतिक ॲलर्जी संघटनेचा अंदाज. बाहेरच्या बाकावर त्या वेळी दहा जण बसलेले होते.

छाती तपासली. श्वास सोडताना बारीक शिट्टी. "कबड्डी खेळतोस का रे?"

"मी गुण लिहायला बसतो."

आईनं त्याच्याकडे पाहिलं. तिला हे माहीत नव्हतं.

दम्याचा पंप लिहून दिला तेव्हा आजी आत आल्या, कडेवर सहा महिन्यांची नात. "डॉक्टरबाई, पोराला पंपाची सवय लावू नगा." हे मी रोज ऐकते आणि दर वेळी मला तेवढंच वाईट वाटतं, कारण या एका भीतीपायी पोरं वर्षानुवर्षं अर्ध्या श्वासावर राहतात. "आजी, गोळीतलं औषध सगळ्या अंगात फिरतं. पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं, तेही थेट छातीत." स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, लावून त्याच्याकडून पंप ओढून घेतला, दहापर्यंत श्वास धरायला लावला, नंतर चूळ भरायला लावली. आजी शेवटपर्यंत बघत होत्या.

आणि मग माझं लक्ष नातीच्या गालांकडे गेलं. लाल, खरबरीत.

"हिला अंडं, शेंगदाणा काय दिलंय का?"

"न्हाई बाई! भावाचं बघूनच धा हात लांब ठेवलंय."

पूर्वी मीही तेच सांगायचे. पण २०१५ मध्ये लंडनच्या अभ्यासात ॲलर्जीचा धोका असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना लहानपणापासून शेंगदाणा दिला, निम्म्यांना टाळायला लावला. पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी टाळणाऱ्यांत सतरा टक्के, खाणाऱ्यांत तीन. हिचं इसब सौम्य होतं. मलम दिलं, ओलसर भिंतीपासून पाळणा लांब घ्यायला सांगितलं, पूर्ण उकडलेल्या अंड्याचा कण आणि पेजेत चिमूटभर कूट, वेगवेगळ्या दिवशी, सकाळी, घरात माणसं असताना. अख्खा दाणा मात्र अजिबात नाही, घशात अडकतो.

मुलीच्या नव्या केसपेपरच्या कोपऱ्यात मी भावाच्या केसपेपरचा नंबर लिहिला आणि खाली पुढच्या महिन्याची तारीख टाकली. आजी दारातून परत वळल्या.

"भाजल्याल्या शेंगांचं कूट चालंल न्हवं?"

चालेल म्हटलं, फक्त अगदी बारीक करा.