बुलबुल बिळात गेला

टेकडीवरची बालवाडी म्हटलं की लोकांना वाटतं, मुलं फुलपाखरांमागे पळतात आणि ताई झाडाखाली बसतात. ताई डोकी मोजत असतात. अठरा. पुन्हा अठरा. त्यात कुणाची चड्डी ओली, कुणी खाजकुइलीच्या शेंगांकडे निघालेलं.

फेब्रुवारीत वाटेवर मेलेला बुलबुल सापडला. मुलं भोवती उकिडवी बसली. शेपटीखालचा लाल डाग मी महिनाभर लांबून दाखवत होते, कुणाला दिसला नव्हता. आता सगळे ओरडले, "याची शीची जागा लाल आहे!" काडीनेच हात लावायचा हा आमचा नियम, काडीने पंख उघडून पाहिला. डोळ्यापाशी मुंग्यांची रांग लागली होती.

सोबतच्या ताई घाईघाईने म्हणाल्या, "तो बाप्पाकडे गेला." (त्यांना भांडणं सोडवायलाही बाप्पाच लागतो.) साडेचार वर्षांची एक मुलगी मान वर न करता म्हणाली, "नाही. तो बिळात चाललाय. थोडा थोडा."

कुत्र्यांनी ओढू नये म्हणून आम्ही वर बोराटीची फांदी टाकली आणि चार दिवस रोज जाऊन पाहिलं. वास आला, पोट बसलं, शेवटी पिसं उरली. एका बाबांनी ग्रुपवर लिहिलं, एवढ्याशा मुलांना मेलेलं कशाला दाखवता, ही परदेशी फॅडं इथे नकोत. त्यांच्या मुलाच्या दप्तरावर ध्रुवीय अस्वल आहे, 'पृथ्वी वाचवा' लिहिलेलं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ डहाणूजवळ कोसबाडला गुरांमागे जाणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवत होत्या, हे त्यांना सांगावं असं फार वाटलं. लिहिलं आणि खोडलं.

पाचव्या दिवशी ती मुलगी डब्यातलं केळं घेऊन मुंग्यांच्या बिळापाशी बसली. एक तुकडा कुस्करून बिळाच्या तोंडाशी ठेवला.

"मुंग्यांना?" मी विचारलं.

"बुलबुलला. त्याला फळं आवडतात ना."

बुलबुल फळं खातो, हे मीच सांगितलं होतं. प्रशिक्षणात बालमानसशास्त्रज्ञ पियाजे घोकलाय: या वयात हलणारं सगळं मुलांना जिवंत वाटतं. पण बुलबुल हलत नव्हता, हे तिनेच चार दिवस पाहिलं होतं. मग तिला नेमकं काय कळलं? निरीक्षण-तक्त्यात 'सजीव-निर्जीव फरक समजतो' यापुढे हो आणि नाही एवढेच दोन रकाने आहेत. तिच्या ओळीत मी अजून पेन टेकवलेलं नाही.

मुलं गेल्यावर मी परत वर जाऊन आले. केळ्यावर मुंग्या होत्या.