कुमारी क्लॅरिनेट

क्लॅरिनेट म्हटलं की माझ्या कानात आधी वरात येते. लाल कोट, सोनेरी झालर, घामाघूम वादक आणि ढोलताशाच्या वर चढू पाहणारा तो चिरका, लाडिक सूर. ह्याच वाद्याला कुजबुजताही येतं, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

कळलं ते जर्मन संगीतकार ब्राम्सच्या एफ मायनर सोनाटामुळे, म्हणजे क्लॅरिनेट आणि पियानो अशा दोघांसाठीच लिहिलेल्या एका रचनेमुळे. रात्री भांडी विसळताना मी तो लावतो.

१८९० मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, ब्राम्सने ठरवलं होतं की आता लिहिणं पुरे. पुढच्याच मार्चमध्ये तो जर्मनीतल्या मायनिंगेनला गेला आणि तिथल्या दरबारी वाद्यवृंदातल्या रिचर्ड म्यूलफेल्टची क्लॅरिनेट त्याने ऐकली. हा मूळचा व्हायोलिनवाला, क्लॅरिनेट आपली आपणच शिकलेला. झालं, संन्यास बारगळला! त्याच उन्हाळ्यात एक ट्रायो (तीन वाद्यांची रचना) आणि एक क्विंटेट (पाच वाद्यांची), आणि १८९४ च्या उन्हाळ्यात ऑस्ट्रियातल्या बाड इश्लला बसून क्लॅरिनेट-पियानोचे दोन सोनाटा; माझा एफ मायनर त्यातलाच. म्यूलफेल्टला तो लाडाने 'फ्रॉइलाइन क्लॅरिनेट' म्हणे. भेटले तेव्हा पस्तिशीत असलेला हा बाप्या, आणि म्हणे कुमारी!

आपल्या कानाला साथीची सवय. गवई पुढे, पेटीवाला त्याच्या मागून सूर वेचत येणार. ह्या एफ मायनर सोनाटात पहिलं वाक्य पियानोच बोलून टाकतो, क्लॅरिनेट नंतर येते. पियानो हे ब्राम्सचं स्वतःचं वाद्य, ते कशाला मागे बसेल? पण त्याचीही एक अडचण आहे. पियानोचा सूर उमटला की त्याच क्षणापासून ओसरू लागतो. क्लॅरिनेटचा सूर उमटल्यावर भरत जातो, बारीक होतो, विझला म्हणता म्हणता पुन्हा उठतो. दुसऱ्या, संथ भागात ब्राम्सने नेमकं हेच ओळखलंय. क्लॅरिनेट लांबलचक ओळ वळणं घेत खाली आणते आणि पियानो जेमतेम टेकू देतो. मधूनच ती खालच्या सुरांत उतरते, तेव्हा कुणी रांजणात तोंड घालून जुनी गोष्ट सांगतंय असं वाटतं.

हेच दोन्ही सोनाटा ब्राम्सने व्हायोलासाठीही, म्हणजे व्हायोलिनच्या जरा मोठ्या, खालच्या सुरांच्या भावंडासाठीही करून दिले. जाणकार त्यांची तारीफ करतात. मी दोनतीनदा प्रामाणिकपणे ऐकले, पण मन लागेना. गज चालवणाऱ्याला दम लागत नाही, हेच कारण असावं. क्लॅरिनेटवाल्याला ओळ संपायच्या आत श्वास पुरवून वापरावा लागतो, आणि ती ओढाताण मला ऐकायची असते.

माझ्याकडच्या ध्वनिमुद्रणात संथ भाग सुरू होण्याआधी वादकाने घेतलेला श्वास ऐकू येतो. अगदी पुसट. तेवढ्यापुरता मी नळ बंद करतो.