नाव झाकलेलं, भाव उघडा

जुन्या मुंबईच्या पिक्चर पोस्टकार्डांचा नाद असला की रविवारी झोप विसरायची. ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवरचे बरेचसे विक्रेते इंग्लंडमधले. तिकडची गिऱ्हाइकं रविवारी संध्याकाळी घरी असतात, म्हणून लिलाव तेव्हाच संपतो. त्यांचे आठ वाजतात तेव्हा आमच्या परळला साडेबारा झालेले असतात, आणि त्यांच्या हिवाळ्यात दीड. माल मात्र इथलाच. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी साहेबलोकांनी इथून घरी धाडलेली कार्डं आज कुणाच्या तरी आजीच्या ट्रंकेतून निघतात आणि आपण ती पौंड मोजून परत आणतो.

माझी पद्धत ठरलेली आहे. कोपरे, शिक्का, मागची बाजू बघून दिवसाढवळ्याच आकडा ठरवायचा आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदाच टाकायचा. ईबेवर आपण कमाल रक्कम सांगतो आणि यंत्रणा गरजेपुरतीच बोली चढवते. माझे ५५ पौंड आणि समोरच्याचे ४० असतील, तर कार्ड मला ४१ ला मिळतं. म्हणून मनातला खरा आकडा सांगण्यात तोटा नाही. हा तर्क अर्थशास्त्रज्ञ विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये मांडला आणि १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. टपालतिकिटांचे व्यापारी मात्र टपालाने येणाऱ्या बंद बोल्यांवर १८९३ पासून हेच करत होते. संग्राहकांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

मग शेवटच्या क्षणाची वाट कशाला? कारण समोरचा व्हिक्री वाचून बसलेला नसतो. तो एकेक पौंड चढवत तुमचा तळ चाचपतो. तुम्ही बुधवारीच ५५ टाकलेत तर रविवारपर्यंत तो ५४ वर येऊन बसतो. रॉथ आणि ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी ईबेची तुलना ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांशी केली होती. ॲमेझॉनवर शेवटी बोली आली की मुदत आपोआप वाढायची, त्यामुळे तिथे ही शेवटच्या घटकेची झुंबड कमी. ईबेवर घड्याळ थांबत नाही, तिथे ती जास्त. आणि कॉम्प्युटरपेक्षा अँटिक वस्तूंसाठी तर आणखी जास्त. कारण उघड आहे. जाणकाराने लवकर हात वर केला की बाकीच्यांना फुकटात कळतं, वस्तू खरी आहे.

गिरगावातले एक काका आहेत, आमच्या वर्तुळातले सगळ्यात जाणते. चोरबाजारात ते खोका चाळायला बसले की दुकानदार कार्डांकडे बघत नाही, काकांच्या बोटांकडे बघतो. एकदा मी शेजारीच उभी होते. राजाबाई टॉवरचं एक चाळीस ठिकाणी मिळणारं कार्ड त्यांनी उजेडात धरलं, उलटवलं, नखाने कोपरा तपासला, सुस्कारा टाकून परत ठेवलं. मग दहा-बारा फुटकळ कार्डांचा गठ्ठा उचलून म्हणाले, "इसका क्या लेगा?" त्या गठ्ठ्यात मधोमध चित्रकार धुरंधरांनी काढलेलं कार्ड होतं. त्यावर त्यांची नजर अर्धा सेकंदही थांबली नव्हती.

एवढं नाटक ऑनलाइन करावं लागत नाही. २००७ च्या सुमारास ईबेने बोली लावणाऱ्यांची नावं झाकायला सुरुवात केली. त्यांचं कारण वेगळं होतं: भामटे हरलेल्यांना गाठून 'तीच वस्तू तुम्हाला देतो' असे खोटे मेल पाठवत. पण खरा फायदा झाला काकांसारख्यांना. नावातली दोन अक्षरं, मध्ये तारे, शेजारी फीडबॅकचा, म्हणजे आधीच्या व्यवहारांवर मिळालेल्या शेऱ्यांचा, आकडा. काका आहेत की कुणी हौशी पोरगा, पत्ता लागत नाही. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा व्हायचा, तिथे माणसं समोरासमोर आणि भाव झाकलेला. इथे सगळं उलटं.

त्या ताऱ्यांमागे भाव चढवायला विक्रेत्याचा मेहुणाही बसलेला असू शकतो, हे आलंच. बोलींच्या इतिहासात त्या खात्याचा तीस दिवसांचा गोषवारा दिसतो. फीडबॅक शून्य, जवळजवळ सगळ्या बोल्या याच विक्रेत्याकडे, वर काही मागे घेतलेल्या, असं दिसलं की मी सरळ बाहेर पडते. याच विक्रेत्याकडे किती टक्के बोल्या, एवढ्यावरच मात्र जाऊ नका. मुंबईची कार्डं एकाच विक्रेत्याकडे निघाली असतील तर माझंही खातं तसंच दिसेल. आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम ६४ सांगतं की विक्रेत्याने खोट्या बोलीने भाव चढवला तर खरेदीदाराला सौदा मोडता येतो. पण विक्रेता तिकडचा, पुरावा ईबेच्या सर्व्हरवर. चाळीस पौंडांसाठी कोण भांडणार?

मला जास्त बोचतं ते दुसरंच. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या एका रंगीत कार्डासाठी मी आणि कुणीतरी शेवटच्या मिनिटाला भिडलो आणि भाव नको तिथे गेला. महिन्याभराने कळलं, पलीकडे काका होते. तेव्हापासून दोघांपैकी कोण बोली लावणार ते ठरवायला मी त्यांना आधी फोन करते. इंग्लंडमध्ये व्यापाऱ्यांनी असं संगनमत करू नये म्हणून १९२७ पासून कायदा आहे. आम्ही व्यापारी नाही, तरी विक्रेत्याच्या जागी मी असते तर मला हे आवडलं नसतं. काकांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "मग तू लाव बोली, मी नाही लावत. फक्त कार्ड आलं की दोन्ही बाजूंचा स्कॅन पाठव, आणि मागचा मजकूर वाचता येईल एवढा मोठा."