ड्युटीला जाताना भांडायचं नाही

१४ एप्रिल

आज अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचे स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. बाबा अग्निशमन दलातून निवृत्त झाले तरी मानवंदनेला न चुकता जातात. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. काल रात्री काकांच्या जमिनीवरून दोघांचं चांगलंच वाजलं होतं, आईचा राग अजून उतरलेला नव्हता. तरी दारापर्यंत गेली, “सावकाश जा” म्हणाली. बाहेर निघालेल्या माणसाशी ती वाकडं बोलत नाही.

क्वार्टर्समधल्या आमच्या घराचा हा नियमच होता. खाली घंटा झाली की बाबा ताटावरून उठायचे, आई वाटीतली आमटी परत पातेल्यात ओतायची. फी भरायची राहिली, आजीचं दुखणं वाढलं, मी गणितात नापास झाले, सगळं बाबांच्या सुट्टीपर्यंत थांबायचं. सुट्टीला ते दमलेले असायचे, म्हणून तेव्हाही नाही.

मे २०१५ मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग झाली. इमारत कोसळली, चार अधिकारी गेले. त्यांतले मुख्य अग्निशमन अधिकारी नेसरीकर साहेब काही दिवस झुंजून गेले. तेव्हापासून आईने उरलासुरला आवाजही गिळला.

दोन वर्षांनी भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडली, ३३ माणसं गेली. बाबा ढिगाऱ्यावर होते. घरी आले तेव्हा पॅंटच्या खिशांतून सिमेंटची भुकटी निघाली. आईने खिसे उलटे करून गॅलरीत झटकले, विचारलं काहीच नाही. बाबांनी माझ्या धाकट्या भावाचे शाळेचे बूट दारातून उचलून कपाटात ठेवायला लावले. समोर नकोत, एवढंच म्हणाले. का, ते आजवर सांगितलेलं नाही. पुढे भाऊ दहावी होईपर्यंत त्याचे बूट कपाटातच राहिले.

गेलेल्यांची नावं दगडावर कोरतात, कोरलीच पाहिजेत. पण जो परत येतो, त्याच्याबरोबर घरात काय काय येतं? मोठ्या दुर्घटनेच्या वर्दीवरून परतलेल्या जवानाशी कुणी शांतपणे बोलायला हवं आणि तसंच त्याच्या बायकोपोरांशीही. आईची झोप केव्हाच उडाली आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, आणि घरात आम्ही तिघंही एकमेकांपासून काही ना काही लपवण्यात तरबेज झालो आहोत.

आईसाठी समुपदेशकाची वेळ घेतली आहे, येत्या शनिवारची. तयार झाली, पण एका अटीवर: बाबांना इतक्यात सांगायचं नाही. मी सांगणार आहे. आजच, जेवताना.