दोन तिकिटं, दोन बॅगा: फ्रँकफर्टमार्गे लिस्बन

आईला घेऊन लिस्बनला जाऊन आले. शहराबद्दल पुन्हा कधीतरी सविस्तर लिहीन. आज लिहायचंय ते सामानाबद्दल, कारण जायच्या आधी मला याच एका गोष्टीची खात्रीशीर माहिती कुठे मिळत नव्हती.

फ्रँकफर्टपर्यंतचं तिकीट साठवलेल्या माइल्सवर, म्हणजे विमान कंपनीच्या बक्षीस पॉइंटांवर, काढलं होतं. पुढे लिस्बनपर्यंत त्या माइल्सवर जागाच मिळेना, म्हणून तो टप्पा दुसऱ्या विमान कंपनीकडून वेगळा विकत घेतला. म्हणजे दोन पीएनआर (आरक्षणाचे कोड), दोन तिकिटं, दोन कंपन्या. आमच्या दोन मोठ्या बॅगा पहिल्या काउंटरवर दिल्या की थेट लिस्बनच्या पट्ट्यावर येतील, की फ्रँकफर्टला उतरवून घेऊन पुन्हा द्याव्या लागतील?

एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असतील तर हा प्रश्न सहसा येत नाही. तिकिटं वेगळी असली की दोन गोष्टी पाहाव्या लागतात. त्या दोन कंपन्यांमध्ये एकमेकींचं सामान पुढे नेण्याचा करार, म्हणजे इंटरलाइन करार, आहे का? आणि करार असला तरी वेगळ्या तिकिटांवर बॅग पुढे पाठवायची असं पहिल्या कंपनीचं धोरण आहे का? बऱ्याच स्वस्त कंपन्यांचे असे करारच नसतात, त्यामुळे तिथे काउंटरवर विनंती करूनही उपयोग नाही. दोन्ही कंपन्या एकाच आघाडीतल्या आहेत म्हणूनही निश्चिंत राहू नका. वनवर्ल्ड आघाडीने 2016 मध्येच वेगळ्या तिकिटांवरचं सामान थेट पुढे पाठवण्याची सदस्य कंपन्यांवरची सक्ती काढून टाकली, तेव्हापासून प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते.

मी दोन्ही कंपन्यांना फोन केले. एकीने सांगितलं, "होईल." दुसरीने सांगितलं, "काउंटरवर विचारा." यातलं दुसरं उत्तर जास्त प्रामाणिक होतं, कारण शेवटी टॅग छापतो तो काउंटरवरचा माणूस. म्हणून तिकिटं काढतानाच मी ठरवलं होतं की बॅगा पुढे जाणार नाहीत असंच धरून चालायचं. फ्रँकफर्टला मध्ये पाच तास वीस मिनिटं ठेवली. आई म्हणाली, "एवढा वेळ बसून करायचं काय?" पण तोच वेळ पुढे कामाला आला.

निघताना काउंटरवर लवकर पोचलो. रांग नसताना विचारलं तर समोरच्या माणसाला आपलं ऐकून घ्यायला सवड असते. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतले, पहिली बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली आणि टॅग लावून बॅग आत सोडलीसुद्धा. मग मी पुढचं तिकीट काढून दाखवलं. ती म्हणाली, "मला इथे फ्रँकफर्टपर्यंतचंच दिसतंय." मी सहा अक्षरी पीएनआर दिला, तो तिच्या सिस्टीममध्ये उघडेना. दुसऱ्या कंपनीचा पीएनआर पहिल्या कंपनीला दिसेलच असं नसतं. मग मी तेरा आकडी ई-तिकीट क्रमांक दिला. त्याचे पहिले तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीचे असतात. तो क्रमांक, फ्लाइट नंबर आणि तारीख एवढं दिल्यावर तिने वरिष्ठांना बोलावलं आणि पाचेक मिनिटांत दुसऱ्या बॅगेचा टॅग लिस्बनचा निघाला. म्हणून ई-तिकिटाची पूर्ण पावती, तेरा आकड्यांसकट, कागदावर छापून जवळ ठेवा. फोनमधल्या तिकिटाच्या फोटोत बऱ्याचदा नुसता पीएनआरच असतो.

"आणि पहिली बॅग?" मी विचारलं. "तिचंही बदललंय," असं ती म्हणाली. दोन्ही पावत्या माझ्या बोर्डिंग पासच्या मागे चिकटवून तिने पास हातात दिला. मी आभार मानून निघाले.

काउंटरवरची माणसं इथे काचकूच करतात तेव्हा आपल्याला राग येतो. त्यांच्या सावधपणामागे काय आहे, हे माहीत असावं. 22 जून 1985 रोजी व्हँकूवरच्या विमानतळावर एका प्रवाशाने आपली बॅग पुढच्या एअर इंडियाच्या विमानापर्यंत थेट टॅग करून द्या असा हट्ट धरला. त्याचं पुढचं आरक्षण पक्कं नव्हतं. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने आधी नकार दिला आणि मग रांग खोळंबल्यावर बॅग घेतली. तो माणूस विमानात चढलाच नाही, बॅग मात्र पुढे गेली. दुसऱ्या दिवशी, 23 जूनला, एअर इंडियाचं 182 क्रमांकाचं विमान आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बस्फोटाने कोसळलं आणि 329 जण गेले. प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅगही विमानात नको, हा नियम त्यानंतर जगभर कडक झाला. वेगळ्या तिकिटावर थेट टॅग मागताना आपलं पुढचं आरक्षण पक्कं आहे, हे पुराव्यानिशी दाखवावं लागतं ते यासाठी.

रात्रभराचा प्रवास करून सकाळी सहाच्या सुमारास फ्रँकफर्टला उतरलो. पुढचा बोर्डिंग पास अजून मिळालेला नव्हता, म्हणून इमिग्रेशनच्या आधीच ट्रान्सफर काउंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी टॅगच्या पावत्या मागितल्या. पावतीवर दहा आकडी क्रमांक असतो, त्यातले दुसरा, तिसरा आणि चौथा हे आकडे टॅग काढणाऱ्या कंपनीचे. सोबत विमानतळाचा तीन अक्षरी कोड असतो. बाईंनी एका पावतीवर बोट ठेवलं: एलआयएस, म्हणजे लिस्बन. दुसरीवर ठेवलं: एफआरए.

आईची बॅग फ्रँकफर्टलाच संपत होती. काउंटरवर "बदललंय" म्हणून सांगितलं होतं, पण पावती जुनीच होती. माझी चूक एवढीच, की मी पावती वाचली नाही, सांगितलेल्यावर विश्वास ठेवला. वाचायला दहा सेकंदंही लागली नसती. टॅगवर मोठ्या अक्षरांत शेवटच्या विमानतळाचा कोड असतो आणि मधल्या टप्प्याचा कोड फ्लाइट नंबरसह वेगळा छापलेला असतो. दोन्ही कोड आणि दोन्ही फ्लाइट नंबर जुळले तरच बॅग पुढे जाणार. बॅग पट्ट्यावरून आत जाण्याआधी, प्रत्येक बॅगेसाठी स्वतंत्रपणे हे वाचा. आणि पुढचं तिकीट दाखवायचं असेल तर पहिली बॅग पट्ट्यावर ठेवायच्या आधी दाखवा, नंतर नव्हे.

बाईंनी माझ्या बॅगेचा क्रमांक पुढच्या फ्लाइटला जोडून घेतला आणि आईची बॅग बाहेरच्या पट्ट्यावरून घ्यायला सांगितलं. आमच्याकडे शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, होता आणि युरोपात प्रवेशाचा शिक्का तसाही फ्रँकफर्टलाच बसणार होता, म्हणून बाहेर पडता आलं.

हे मात्र सगळ्यांना जमणार नाही. फ्रँकफर्टहून शेंगेनबाहेरच्या देशात पुढे जाणारे आणि शेंगेन व्हिसा नसलेले प्रवासी बॅग घ्यायला बाहेर येऊच शकत नाहीत. पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो. विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा असला तरी तो आतल्या भागापुरताच असतो, त्यावर देशात पाऊल टाकता येत नाही. बॅग थेट जाणार नाही असं कळलं तर पहिली कंपनी निघतानाच विमानात बसू देणार नाही, अशीही शक्यता असते, कारण चुकीच्या कागदपत्रांवर प्रवासी नेल्याचा भुर्दंड कंपनीवर येतो. तेव्हा वेगळी तिकिटं काढण्याआधी मधल्या देशात आत जायला व्हिसा लागतो का हे पाहा, आणि लागत असेल तर तो हातात असल्याशिवाय अशी तिकिटं घेऊच नका. अमेरिकेतून जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे नुसत्या ट्रान्झिटलाही व्हिसा किंवा तत्सम परवानगी लागते, आणि एकाच तिकिटावर असलात तरी साधारणपणे पहिल्याच विमानतळावर बॅग घेऊन कस्टम्समधून जावं लागतं.

इमिग्रेशनच्या रांगेत पाऊण तास गेला. युरोपात 12 ऑक्टोबर 2025 पासून बाहेरच्या प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी रांगेचा वेळ जास्तच धरावा. पट्ट्यावर आईची बॅग एकटीच फिरत होती. ती घेऊन वरती निघण्याच्या हॉलमध्ये गेलो. इथे आणखी एक गोष्ट पुढे आली. पहिल्या तिकिटावर माणशी 30 किलो चालत होतं, दुसऱ्यावर 23. आईची बॅग 24.6 किलो भरली. बाजूला बसून दोन किलोंची पुस्तकं आणि शाल काढून हातातल्या पिशवीत घातली. वजन भरताना दोन्ही तिकिटांपैकी कमी मर्यादेचं तिकीट धरून भरा. थेट गेलेल्या बॅगेचं वजन मधे पुन्हा कुणी केलं नाही, पण तशी बॅग जाईलच याची हमी आधी नसते.

लिस्बनला दोन्ही बॅगा एकाच पट्ट्यावर आल्या. माझ्या बॅगेचा टॅग पांढरा, आईच्या टॅगच्या दोन्ही कडांना हिरवी पट्टी. युरोपीय संघातल्या विमानतळावर दिलेल्या बॅगेला ती हिरवी कड असते. माझी बॅग बाहेरून आलेली, तिची कस्टम्स तपासणी लिस्बनलाच होणार होती, आणि टॅगवरून ते लांबूनच कळत होतं. आईला ही गोष्ट फार आवडली, तिने दोन्ही टॅग जपून ठेवले.

येताना काही बोलणंच झालं नाही. लिस्बनच्या काउंटरवर सांगितलं, "वेगळं तिकीट असेल तर फक्त फ्रँकफर्टपर्यंत." करार तोच, कंपन्या त्याच, फक्त दिशा उलटी आणि निर्णय घेणारी कंपनी दुसरी. पण या वेळी मध्ये साडेसात तास ठेवले होते. इतका वेळ पुरेसा असतो, पण त्यातला बराचसा बॅगा घेऊन बाहेरच काढावा लागतो, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. लांब पल्ल्याच्या फ्लाइटची काउंटरं आमच्या बाबतीत तीन तास आधी उघडली. तोवर सामान घेता येत नाही, आणि सामान हातात असल्यावर सुरक्षा तपासणीच्या पलीकडेही जाता येत नाही. आईसारखं वयस्कर कुणी बरोबर असेल तर सामान ठेवायची सोय आणि बसायची जागा आधीच शोधून ठेवा. काउंटर कधी बंद होतं तेही पाहा. बऱ्याच आंतरराष्ट्रीय फ्लाइटना तासभर आधी सामान घेणं थांबतं, त्यामुळे तुमचे पाच तास म्हणजे खरं तर चारच.

पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं तर दुसऱ्या कंपनीवर काहीच बंधन नसतं. तिच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. त्यातून दुसरं तिकीट परतीचं असेल तर जाण्याचा टप्पा चुकल्यावर येण्याचा टप्पाही बहुधा आपोआप रद्द होतो. आमचं परतीचंच होतं. थेट टॅग केलेली बॅगही अशा वेळी तुमच्याविना पुढे जायची नाही, तिला उतरवून मागे ठेवतात. म्हणून पहिलं विमान उशिरा निघणार असं कळताच दुसऱ्या कंपनीला फोन करा, तिचं विमान सुटण्याआधी. सुटल्यानंतर केलेल्या फोनला फारसा अर्थ उरत नाही. विमा घेताना वेगळ्या तिकिटांवरचं चुकलेलं विमान त्यात धरलंय का, हे वाचून घ्या.

फ्रँकफर्टला बॅगा पुन्हा देण्याआधी मी चारही बाजूंनी फोटो काढले. वेगळ्या तिकिटांवर बॅग दोन कंपन्यांच्या हातून जाते आणि मोडतोड कुणाकडे झाली यावरून टोलवाटोलवी होऊ शकते. परत आल्यावर शेवटच्या पट्ट्यावर माझ्या बॅगेचं एक चाक तुटलेलं दिसलं. विमानतळ सोडण्याआधीच सामानाच्या काउंटरवर गेले, टॅगची पावती आणि फ्रँकफर्टचे फोटो दाखवले, तक्रारीचा फॉर्म भरून संदर्भ क्रमांक घेतला. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून 7 दिवसांत करावी लागते, आणि बॅग उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून 21 दिवसांत. मी त्याच रात्री ईमेलनेही पाठवली, पावतीचा फोटो जोडून. तीन आठवड्यांनी चाक बसवून बॅग परत मिळाली.