जॉबर कधी 'मूर्खा' म्हणतो होय?

भाचीच्या कॉलेजची एकांकिका बसतीय, आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यावर. त्यात एक जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करणारा, माग बंद पडला की आधी शिवी हासडतो मग पान्याला हात घालतो. कॉलेजनं सांगितलं शिव्या काढा, आपलं नाव खराब होतं. पोरांनी काढल्या. मी तालमीला गेलो तर रात्रपाळीचा सीन, मागातला धावता धोटा उडून एकाच्या कपाळाला लागलाय, मालक पगार कापणार म्हणतोय आणि आमचा जॉबर म्हणतो "अरे मूर्खा, तुझे लक्ष कुठे आहे?" मराठीच्या पुस्तकातले गुरुजीच की हो! सगळे फिस्सकन हसले, आणि सीन काय हसायचा नव्हता.

मग एकानं डोकं लावलं, शिव्या तेलुगूत घालू. सरांनी पास केलं कारण सर बाहेरगावचे. आता सोलापूरच्या माणसाला तेलुगू, कन्नड, दख्खनी बोलता येवो न येवो, तिन्हीतल्या शिव्या कळतातच ना बे.

हे काय आजचं नाही म्हणा. तेंडुलकरांचं 'सखाराम बाइंडर' 1972 ला आलं, परिनिरीक्षण मंडळानं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरनं, कट सुचवले, दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले. त्याच साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह आला, त्यात कामाठीपुऱ्याची भाषा जशीच्या तशी, ती सोवळी केली असती तर कविता उरली असती का? 2015 मध्ये सिनेमाच्या सेन्सॉर बोर्डानं तर चालणार नाहीत अशा शब्दांची यादीच काढली होती, आरडाओरडा झाला मग थांबवली. यादीला शब्द कळतो, तो कुणाच्या तोंडी आहे आणि कुणाला उद्देशून आहे हे कळत नाही, माझं भांडण तेवढंच आहे. आपल्याच सोलापूरचे शाहीर राम जोशी, त्यांच्या शृंगारिक लावण्या आज एखाद्या कॉलेजच्या कमिटीपुढं ठेवल्या तर निम्म्या पहिल्याच मीटिंगला आउट. आणि शिमग्याला बोंब मारायला तर घरातली मोठी माणसंच पाठवायची की आपल्याला.

पण म्हणून सगळंच चालू द्या असं मी म्हणत नाही. खऱ्या माणसाला चारचौघांत जातीवरून बोललं तर 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा आहे आणि तो पाहिजेच, तिथं कलाबिला काढायची नाही. स्टेजवरचा सावकार तसलं बोलला आणि बघणाऱ्याला त्याची चीड आली तर ती गोष्ट वेगळी, पण तोच शब्द रीलमध्ये नुसता हशा मिळवायला टाकला तर मला ते माज वाटतं.

भाची मात्र वेगळंच बोलली. "मामा, भांडतात दोन पुरुष, आणि शिव्या सगळ्या आया-बहिणींवरून, याचं काय?" मला पटकन उत्तर सुचेना. मी म्हटलं हेच नाटकात घाल की, मागासाठी सुताची कांडी भरणारी बाई आहे ना तुमच्यात, तिला विचारू दे जॉबरला. लेखक पोरगं तिथंच खाली बसून लिहायला लागलं, आणि ते वाक्य असं झालंय की त्याच्या आधी जॉबरची खरी शिवी पडल्याशिवाय ते उभंच राहत नाही. आता सरांना काय सांगायचं ते तिचं तिनं बघावं, स्पर्धा पुढच्या आठवड्यात आहे.